पोटरी भरून येते, म्हणून चालणे सोडू नका

पन्नाशी-साठी उलटली की पाय दुखायचेच, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. घरातले वडीलधारे चालताना मध्येच थांबले की आपण म्हणतो, "वय झालं आता." तेही मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवसापासून थोडे कमी चालू लागतात. पाय दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत. गुडघ्यांची झीज, कमरेच्या मणक्यांचे दुखणे, फुगलेल्या शिरा, मधुमेहाने नसांना आलेली बधिरता ही त्यांतली नेहमीची. परंतु आणखी एक कारण असे आहे, की ज्याची तक्रार रुग्ण सहसा करीत नाही आणि तपासणाराही सहसा विचारीत नाही. ते म्हणजे पायांना रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होणे. या आजाराच्या पहिल्या पायरीवर माणसाचे रोजचे जगणे कसे बदलते आणि ते पुन्हा कसे सावरता येते, याविषयी आज लिहीत आहे.

दुखणे कशामुळे होते?

हृदयाकडून शुद्ध रक्त घेऊन निघालेली महारोहिणी बेंबीच्या पातळीवर दोन फाट्यांत विभागते. एकेक फाटा एकेका पायात उतरतो. मांडीतून गुडघ्यामागे, तेथून पोटरीत आणि शेवटी पावलात असा त्याचा मार्ग असतो. या रोहिण्यांच्या (यांनाच धमन्या असेही म्हणतात) आतल्या बाजूला वर्षानुवर्षे चरबी आणि चुना साचत जातो व मार्ग अरुंद होतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत हेच घडले तर छातीत दुखते. पायात घडले तर पोटरीत दुखते. प्रक्रिया एकच, जागा वेगळी.

माणूस बसलेला असतो तेव्हा पायाच्या स्नायूंना थोडेच रक्त लागते आणि अरुंद रोहिणीतूनही तेवढे मिळते. चालू लागल्यावर मागणी कितीतरी पटींनी वाढते, पुरवठा मात्र वाढू शकत नाही. मग स्नायू तक्रार करतो. पोटरी भरून येते, आवळल्यासारखी होते, पाय ओढू लागतो. उभे राहिले की काही मिनिटांत दुखणे ओसरते. पुन्हा चालावे, तर जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. चढण असेल, हातात पिशवी असेल किंवा घाईने चालावे लागले तर ते आणखी लवकर येते. अडथळा वरच्या भागात असेल तर मांडीत किंवा कुल्ल्यात दुखते. पुरुषांमध्ये त्याबरोबर लैंगिक दुर्बलताही येऊ शकते, आणि हे सांगायला संकोच वाटल्यामुळे खरे निदान लांबते.

वैद्यकशास्त्रात या लक्षणाला 'क्लॉडिकेशन' म्हणतात. लंगडणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव आले. गंमत अशी, की त्याचे वर्णन प्रथम माणसात नव्हे, तर घोड्यात झाले. १८३१ साली फ्रान्समधील बूले या पशुवैद्याने धावताना लंगडणाऱ्या आणि विश्रांतीनंतर नीट चालणाऱ्या घोड्याची हकिगत लिहिली. पुढे १८५८ साली शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी माणसातील तेच दुखणे ओळखले. जर्मन लोक बोलीभाषेत याला 'दुकानाच्या काचेपुढे थांबण्याचा आजार' म्हणतात. रुग्णाला दर थोड्या अंतरावर थांबावे लागते आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तो दुकानात मांडलेल्या वस्तू पाहत असल्याचे दाखवतो. आपल्याकडे काचेची दुकाने नसली तरी हा प्रकार मी रोज ऐकतो. कोणी चपलेचा अंगठा नीट करतो, कोणी खिशातून मोबाईल काढतो, कोणी ओळखीचा माणूस गाठून उगाच चौकशी करतो.

दुसऱ्या दुखण्यांहून हे वेगळे कसे?

गुडघ्याचे दुखणे सांध्यात असते. उठताना-बसताना आणि जिना उतरताना ते जास्त जाणवते. मणक्यातील मार्ग अरुंद झाल्याने येणारे दुखणे चालताना येते खरे, पण नुसते उभे राहून ते थांबत नाही. त्यासाठी बसावे किंवा पुढे वाकावे लागते. असा माणूस सायकल हातात धरून, तिच्यावर वाकून, बराच लांब चालू शकतो. फुगलेल्या शिरांचा त्रास फार वेळ उभे राहिल्याने होतो आणि पाय वर करून पडल्यावर कमी होतो. रात्री झोपेत पोटरीत गोळा येणे, वांब येणे, हेही बहुधा या आजाराचे लक्षण नसते. चालल्यावर येते आणि नुसते उभे राहिल्यावर जाते, ही खूण लक्षात ठेवावी.

मात्र ही खूण प्रत्येकात इतकी स्पष्ट नसते. काहींना दुखण्याऐवजी पाय जड वाटतो, थकवा येतो किंवा तोल गेल्यासारखे वाटते. स्त्रियांमध्ये असे अस्पष्ट लक्षण पुष्कळदा आढळते. मधुमेही माणसाच्या नसा बधिर झालेल्या असतील तर त्याला दुखतच नाही. आणि काही जण इतके हळू व इतके थोडे चालतात, की दुखणे येण्याची वेळच येत नाही. या शेवटच्या गटाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे.

जगणे हळूहळू आखडते

या आजाराच्या पहिल्या पायरीवर पाय कुजत नाही, जखम होत नाही, रात्रीची झोपही मोडत नाही. त्यामुळे 'फार काही नाही' असे रुग्णाला, घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरलाही वाटते. पण माणूस दुखण्याशी जुळवून घेतो तो आपले जगणे लहान करून. आधी चढणीचा रस्ता सुटतो. मग आठवडी बाजार सुटतो, कारण तिथून भरलेली पिशवी घेऊन परत यायचे असते. मग संध्याकाळी मित्रांबरोबर फिरणे सुटते, कारण चौघांच्या चालीने चालता येत नाही आणि दर वेळी त्यांना थांबवून धरणे बरे वाटत नाही. वरातीत माणूस मागे राहतो. देवळात गर्दी नसेल अशी वेळ शोधतो, पुढे देऊळच सोडतो. शेवटी ओटा आणि खुर्ची एवढेच उरते. आणि आता त्याला विचारले, की "पाय दुखतात का?" तर तो प्रामाणिकपणे सांगतो, "नाही, हल्ली काही त्रास नाही!"

म्हणून मी साठीच्या पुढच्या रुग्णांना वेगळा प्रश्न विचारतो. "काका, गेल्या वर्षभरात काय काय करायचं सोडलंत?" या प्रश्नावर माणसे बोलू लागतात. एका आजींनी मला सांगितले, की त्यांनी पहाटेच्या काकड्याला जाणे सोडले आहे. घरच्यांना वाटले, आजींना आता थंडी सोसत नाही. खरे कारण होते देवळाकडे जाणारा छोटा चढ. तिथे त्यांना दोनदा थांबावे लागे आणि मागून येणाऱ्या बायका "काय झालं हो?" म्हणून विचारीत. तो प्रश्न त्यांना नकोसा झाला होता.

ज्यांचे पोट पायांवर आहे त्यांच्यासाठी तर हा केवळ मानाचा प्रश्न नाही. ओझी वाहणारा हमाल, शेतावर रोजंदारी करणारी बाई, रात्रपाळीचा राखणदार, घरोघर वस्तू पोचवणारा मुलगा, यांना दर दोनशे पावलांवर थांबणे परवडत नाही. मुकादमाला तो कामचुकारपणा दिसतो. दुखणे बाहेरून दिसत नाही, सूज नाही, पट्टी नाही, त्यामुळे सहानुभूतीही मिळत नाही.

घरच्यांची माया कधी कधी यात भर घालते. "तुम्ही बसा, मी आणतो," असे म्हणून मुले-सुना एकेक काम काढून घेतात. दूध आणणे, नातवाला शाळेत सोडणे, वीजबिल भरणे ही कामे गेली की चालणेही जाते. न चालल्याने स्नायू बारीक होतात, वजन आणि रक्तातील साखर वाढते, मन उदास होते. मग पूर्वी तीनशे पावलांवर येणारे दुखणे दीडशेवर येते. आजार कदाचित तेवढाच असतो, पण जगणे निम्मे झालेले असते.

पाय कापावा लागेल का?

रक्तवाहिनी अरुंद झाली आहे असे सांगितले, की रुग्णाच्या मनात हाच प्रश्न येतो. या भीतीने पुष्कळ जण तपासणीच टाळतात. म्हणून थोडे आकडे देतो. चालताना दुखणे येणाऱ्या १०० रुग्णांपैकी सुमारे ७० ते ८० जणांचे दुखणे पुढील पाच वर्षांत आहे तिथेच राहते. १० ते २० जणांचे वाढते. पाय धोक्यात येण्याइतकी वेळ एक-दोघांवरच येते. मधुमेही आणि तंबाखू चालूच ठेवणारे यांना हा धोका जास्त असतो.

खरा धोका दुसरीकडे आहे. पायाच्या रोहिणीत जे साचले आहे, ते हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांतही साचलेले असण्याची शक्यता मोठी असते. त्याच पाच वर्षांत १०० पैकी सुमारे २० जणांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो, आणि १० ते १५ जण दगावतात, ते बहुतेक हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी. म्हणजे पोटरी आपल्याला वेळेवर इशारा देत असते. तो ऐकला तर पाय, हृदय आणि मेंदू या तिघांचाही फायदा होतो.

तपासणी साधी आहे

स्वतःच्या पायाची नाडी पाहायला शिका. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या रेषेत वर घोट्याकडे येताना एक नाडी लागते. दुसरी घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे लागते. बोटे हलकी ठेवावीत. वरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतःच लागत नाही, त्यामुळे ती सापडली नाही म्हणून घाबरू नये. पण दोन्ही सापडत नसतील, किंवा एका पायात लागते व दुसऱ्यात नाही असे असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

पुढची तपासणी रक्तदाबाचीच आहे. दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब, डॉपलर नावाच्या हातात धरायच्या लहान यंत्राने मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. समजा दंडाचा दाब १४० आहे आणि घोट्याचा ९८, तर भागाकार ०.७० येतो. १.०० ते १.४० हे ठीक समजतात. ०.९१ ते ०.९९ ही काठावरची स्थिती. ०.९० किंवा त्याहून कमी आले तर आजार आहे असे धरतात. १.४० च्या वर आकडा आला तर तोही चांगला नव्हे. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या विकारात रोहिण्या चुन्याने इतक्या टणक होतात, की त्या दाबल्याच जात नाहीत आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब पाहतात. बसल्या जागी आकडा ठीक, पण चालताना त्रास असेल, तर चालवून पुन्हा मोजतात. सुईही टोचावी लागत नाही, काही मिनिटांत काम होते. सुरुवातीलाच महागड्या चित्रणाच्या मागे लागण्याची बहुतेकांना गरज नसते.

हृदयाचा इशारा लक्षात घेऊन याच वेळी रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी तपासावी आणि हृदयाचा आलेखही काढून घ्यावा. रक्तदाब व साखर तपासण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते.

चालणे हेच औषध

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चालल्याने दुखते, म्हणून चालणे बंद करावे, हे वरवर पाहता शहाणपणाचे वाटते. पण या आजारात ते उलटे आहे. पद्धतशीर चालणे हा पहिल्या पायरीवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. आणि नुसते रमतगमत चालणे पुरत नाही, दुखणे येईपर्यंत चालावे लागते.

याविषयी २०२१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. ३०५ रुग्णांपैकी काहींना दुखणे येऊ न देता हळू चालायला सांगितले, काहींना दुखणे येईल इतक्या वेगाने, तर काहींना चालण्याचा कार्यक्रम दिलाच नाही. वर्षानंतर सहा मिनिटांत किती अंतर जाता येते ते मोजले. दुखणे सोसून चालणाऱ्यांचे अंतर सरासरी सुमारे ३४ मीटरने वाढले. हळू चालणाऱ्यांचे वाढलेच नाही.

पद्धत अशी आहे :

१) सपाट, वर्दळ नसलेला रस्ता किंवा शाळेचे मैदान निवडा. मऊ तळव्याचे, बोटे न आवळणारे बूट व सुती मोजे घाला. पहिली पाच मिनिटे सावकाश चाला.

२) मग असा वेग धरा, की तीन ते पाच मिनिटांत पोटरी बोलू लागेल. दुखण्याला पाचपैकी गुण द्या. एक म्हणजे नुकती चाहूल, पाच म्हणजे पुढे पाऊलही टाकता येणार नाही. तीन-चार गुणांपर्यंत चालत राहा, मग थांबा.

३) दुखणे पूर्ण जाईपर्यंत उभे राहा किंवा बसा. पुन्हा चाला. पुन्हा थांबा.

४) विश्रांतीसह सुरुवातीला अर्धा तास, पुढे वाढवत पाऊण तास. आठवड्यातून निदान तीन दिवस. निदान १२ आठवडे, आणि नंतरही चालूच.

५) दुखणे उशिरा येऊ लागले की वेग थोडा वाढवा किंवा हलकी चढण घ्या.

या दुखण्याने स्नायूला इजा होत नाही. मात्र छातीत दुखणे, दम लागणे, घेरी येणे असे काही झाले तर लगेच थांबून डॉक्टर गाठावा. हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच पायाला जखम किंवा बसल्या जागी दुखणे असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हा कार्यक्रम सुरू करू नये.

चालल्याने अरुंद रोहिणी पुन्हा रुंद होते असे समजू नका. घोट्याचा तो भागाकार पुष्कळदा जवळजवळ तेवढाच राहतो. पण मिळेल त्या रक्तातून प्राणवायू काढून घ्यायला स्नायू शिकतो, बारीक रक्तवाहिन्यांचे काम सुधारते आणि चालही सुधारते. फरक बहुधा एक-दोन महिन्यांत जाणवू लागतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात निराश होऊ नये.

एकट्याने हे टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १९४ रुग्ण होते. निम्म्यांनी आठवड्यातून एकदा गटात भेटून एरवी आपापल्या घराजवळ चालायचे, बाकीच्यांनी आरोग्यावरची व्याख्याने ऐकायची. सहा महिन्यांनी चालणाऱ्यांचे सहा मिनिटांतील अंतर सुमारे ४२ मीटरने वाढले, व्याख्याने ऐकणाऱ्यांचे ११ मीटरने घटले. तेव्हा हा लेख वाचून अंतर वाढणार नाही! गल्लीतले चार जण जमवा. थांबण्याची लाज चौघांत वाटून घेतली की ती उरत नाही.

फुगा किंवा स्प्रिंग केव्हा?

रोहिणीत फुगा घालून ती रुंद करणे, आत स्प्रिंग (स्टेंट) बसवणे किंवा बायपास करणे हे उपाय आहेत आणि योग्य रुग्णाला ते फार उपयोगी पडतात. पहिल्या पायरीवर मात्र 'अडथळा दिसला म्हणून उघडला' असे करू नये. तंबाखू सोडून, औषधे घेऊन, तीन महिने मनापासून चालूनही ज्याचे काम किंवा जगणे अडते, त्याने हा विचार करावा.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्लेव्हर' या अभ्यासात ओटीपोटातील रोहिणीत अडथळा असलेले १११ रुग्ण होते. सहा महिन्यांनी यंत्रावर चालण्याचा वेळ देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांचा जास्त वाढला होता. पण "रोजच्या जगण्यात किती फरक पडला?" असे विचारल्यावर स्प्रिंग बसवलेल्यांनी जास्त समाधान सांगितले. दीड वर्षाने चालण्याच्या वेळेत त्या दोन गटांत फारसा फरक उरला नव्हता, आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांपेक्षा दोन्ही गट पुढे होते. यातून मला एवढेच सांगायचे आहे, की यंत्रावरची मिनिटे आणि माणसाचे समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपाय ठरवताना डॉक्टरांना नुसता अहवाल दाखवू नका, आपले काय अडले आहे ते सांगा. बाजार, जिना, शेत, नोकरी, जे असेल ते.

तंबाखू आणि औषधे

बिडी, सिगारेट ओढणे चालू ठेवून या आजारावर उपाय करणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे होय. तंबाखू सोडल्याने चालण्याचे अंतर लगेच वाढेलच असे नाही, पण पाय आणि जीव वाचण्याची शक्यता नक्की वाढते. तरुणांतही पायाच्या रोहिण्या बंद होण्याचा एक वेगळा आजार असतो. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. तो पन्नाशीच्या आतल्या, तंबाखूच्या आहारी गेलेल्या पुरुषांत जास्त दिसतो आणि आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांत आढळतो. त्यात तंबाखू पूर्ण सोडणे हाच खरा उपाय आहे. 'दिवसाला दोनच' हेही चालत नाही. मशेरी आणि तोंडात धरायची तंबाखूही यातून सुटत नाही. एकट्याने सोडणे जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो.

लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांना रक्ताची गुठळी होऊ न देणारे एक औषध (ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल) आणि चरबी कमी करणारे स्टॅटिन गटातील औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. त्यांनी दुखणे थांबत नाही, म्हणून रुग्ण ती सोडतात. पण ती पोटरीसाठी नसून मुख्यतः झटका व पक्षाघात टाळण्यासाठी असतात. सिलोस्टाझोल या औषधाने चालण्याचे अंतर वाढते. मात्र हृदय दुर्बल झालेल्यांना ते देत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ते घेऊ नये. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेणे मूत्रपिंडाला घातक आहे. 'नसा मोकळ्या करून देण्याची हमी' अशा जाहिरातींपासून दूर राहावे.

पायांची निगा

रक्त कमी मिळणाऱ्या पायाची लहान जखमही लवकर भरत नाही. रोज रात्री दिव्याच्या उजेडात पावले, बोटांच्या बेचक्या आणि टाचा पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. अनवाणी फिरू नये, घरातही नाही. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर जाळणारे औषध लावू नये. गरम पाण्याची पिशवी किंवा शेक घेऊ नये. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. फुगलेल्या शिरांसाठी मिळणारे घट्ट मोजे किंवा आवळपट्टी नाडी तपासल्याशिवाय वापरू नये, कारण आधीच कमी असलेले रक्त त्याने आणखी कमी होते.

पुढील गोष्टींत मात्र वाट पाहू नये. रात्री पावलात दुखून जाग येणे व पाय खाटेखाली सोडल्यावर बरे वाटणे, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, बोट निळे-काळे पडणे. आणि पाय अचानक गार, पांढराफटक, बधिर झाला तर तो काही तासांचा प्रश्न असतो. त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे.

काही नेहमीच्या शंका

वारीला जावे का? रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणे या रुग्णांना एकदम झेपत नाही. डॉक्टरांना विचारून, आधी तीन महिने सराव करून, बूट घालून, जमेल तेवढा टप्पा पायी आणि बाकीचा वाहनाने असे करायला हरकत नाही. अनवाणी मात्र नको.

तेलाने मालीश केले तर? हलक्या हाताने केल्यास बरे वाटेल, पण अडथळा निघणार नाही. जोरात चोळू नये.

सायकल चालवली तर चालेल का? चालेल, विशेषतः गुडघे दुखत असतील तर. पण शक्य असेल तर चालण्याला पहिले स्थान द्यावे.

सुधारणा कशी मोजावी? भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा. कितव्या विजेच्या खांबापाशी पहिले दुखणे आले, किती वेळा थांबलो, जिना एका दमात चढलो का. आणि महिन्यातून एकदा आणखी एक गोष्ट लिहा : सोडून दिलेले कोणते काम या महिन्यात पुन्हा केले. दूध आणले, बाजारातून भाजी आणली, नातवाला शाळेत सोडले, काहीही. तपासणीला जाताना हे पान बरोबर न्या. घोट्याच्या आकड्याबरोबर तेही पाहिले, म्हणजे उपचार योग्य वाटेवर आहेत की नाहीत हे डॉक्टरांना नीट कळेल.